चार तोंडांचा बादगीर

तिरगानच्या, म्हणजे पाण्याच्या सणाच्या दिवशी कुणी कोरडं राहायचं नसतं, असा गुलचेहेर आत्यांचा कायदा होता, आणि वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीही त्या तो स्वतः तांब्या घेऊन अमलात आणत. त्यामुळे अकरा वर्षांनी घरी आलेल्या भाच्याचं स्वागत त्यांनी दारातच, त्याच्या डोक्यावर अख्खा तांब्या उपडा करून केलं.

"आत्या! बॅगेत लॅपटॉप आहे!"

"असू दे. वाळेल. इथं आषाढी दुपारी काय, ओला माणूस अंगणाच्या त्या टोकाला पोचेपर्यंत वाळतो." त्यांनी होर्मुजला खाली वाकवून त्याच्या कपाळाचा मुका घेतला आणि मागे सरून त्याच्याकडे नीट पाहिलं. "केस कुठं ठेवून आलास?"

"विमानतळावर काढून घेतले."

आत्या हसल्या आणि मग एकदम त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिरगान होतं, सगळ्यांचेच चेहरे ओले होते, म्हणून बरं. भावजय सीमीन, होर्मुजची आई, गेली तेव्हा हा येऊ शकला नव्हता, कागदपत्रांचं काहीतरी अडलं होतं. चार वर्षं झाली त्याला. तेव्हापासून या घरात होर्मुजचं नाव निघालं की त्याचे वडील, उस्ताद खोदामुराद, उठून डाळिंबांना पाणी घालायला जात. आता झाडं बिचारी पाण्यानं कुजायला आली होती.

"दादा, मुलगा आलाय तुझा!"

"दिसतंय मला." मोठ्या ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले उस्ताद उठले नाहीत. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला, मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "दाढी वाढवलीस."

अकरा वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. आत्यांना वाटलं, भावाच्या डोक्यात उरलेला तांब्या घालावा.

त्यांनी होर्मुजच्या मनगटाला सात रंगांचा दोरा बांधला. दहा दिवसांनी, वाऱ्याच्या दिवशी, गच्चीवर जाऊन तो वाऱ्यावर सोडायचा आणि मनातलं मागायचं.

"मी शुक्रवारी जातोय, आत्या. तीनच दिवस मिळालेत."

"मग तिकडच्या वाऱ्यावर सोड," त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज उतरला होता.

जेवायला आश, म्हणजे डाळी-शेवयांचं दाट सार होतं, तेलात तळलेली सिरोगची पोळी होती, कलिंगड होतं. आणि मधोमध, कुणी न वाढलेला, तो उद्याचा विषय होता. शरीफाबादच्या वेशीबाहेर एका टाइल्सच्या कंपनीनं आपली नवी कार्यालयं बांधली होती. चारशे माणसं तिथं बसणार. आराखडा कतायूनचा, म्हणजे उस्तादांच्या थोरल्या लेकीचा, आणि बांधकाम स्वतः उस्तादांचं. काच नाही, गार हवेची यंत्रं नाहीत. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर घुमट, जमिनीखाली उतरलेली अंगणं, खालून वाहणारं कनातीचं, म्हणजे भुयारी कालव्याचं पाणी, आणि वारा पकडून खाली आणायला सहा बादगीर, म्हणजे उंच पोकळ बुरूज. पाच लहान, एक मोठा. लहान पाचही झकास चालले. लोक सदऱ्यावर लोकर घालून बसले, असं आत्या सगळीकडे सांगत. ते जरा जास्तच होतं.

घोटाळा मोठ्यात होता. मधल्या सभागृहावरच्या त्या उंच बुरुजाला चार दिशांना चार तोंडं होती आणि महिनाभर त्यातून खाली वारा कमी आणि वाळवंटाची धूळच जास्त येत होती. संगणक झाकून ठेवावे लागले. दोन बायकांना दमा उठला. शेवटी कंपनीचे वझीरीसाहेब म्हणाले होते, बुधवारी दुपारी दोन वाजता मी स्वतः येतो. सभागृह तिशीच्या खाली आणि धुळीवाचून दिसलं तर ठीक. नाहीतर सहाच्या सहा बादगीर लिंपून टाकतो आणि छपरावर यंत्रं चढवतो.

बुधवार म्हणजे उद्या.

"हे बघ होर्मुज," आत्यांनी पोळी मोडत सुरुवात केली, "तू तिकडे मोठमोठी ऑफिसं गार करतोस. तूच सांग तुझ्या बापाला. शहात्तर वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, तीस हात उंच चढतो. आता पुरे म्हणावं."

"आत्या, जेव," कतायून म्हणाली.

"जेवतेच आहे. तोंडाला दुसरंही काम असतं."

"चूक माझी आहे," कतायून म्हणाली. ती ताटाकडे बघत होती. "आराखडा माझा आहे. वझीरींना मी तसं लिहून देणार आहे. बाबांनी फक्त कागदावर होतं ते बांधलं."

उस्तादांनी कलिंगडाची फोड उचलली, तिच्या बिया एकेक करून काढल्या, आणि फोड न खाताच खाली ठेवली. "डाळिंबांना पाणी घालायचंय," ते म्हणाले आणि उठले.

*

होर्मुजचा धंदा असा की वाळवंटात काचेचे डोंगर बांधायचे आणि मग त्यांच्या पोटात हिवाळा भरायचा. फिनिक्स शहराच्या कडेला त्यानं अशी सात कार्यालयं गार केली होती. आत लोक जुलैत स्वेटर घालत आणि बाहेर गाडीचं दार उघडताना हात भाजून घेत. पहिली दोन वर्षं त्याला त्याचा अभिमान होता. मग एकदा वीज गेली. तासाभरात ती काचेची इमारत इतकी तापली की सगळे धावत बाहेर उन्हात आले. तो उभा राहिला तिथं, आणि त्याला शरीफाबादच्या घरच्या तळघरातला दुपारचा गारवा आठवला. ओल्या मातीचा वास, आईच्या घोरण्याची लय. तेव्हापासून त्याला तो गारवा हवा होता. तो कुठल्या यंत्रातून निघत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार!

चार वाजता तो आणि कतायून कार्यालयांच्या छपरावर उभे होते. लहान बादगीर पाठ करून उभे होते, पाचही वायव्येकडे तोंड करून. इस्फहानी वारा तिकडूनच येतो. बाकी तिन्ही बाजूंना वाळवंट आहे आणि त्याच्याकडून फक्त धूळ येते. या सपाटीवर म्हणून सगळे एकतोंडी बांधतात. चार तोंडांचे, सहा तोंडांचे, आठ तोंडांचे बुरूज म्हणजे यझ्द शहराचा थाट.

होर्मुजनं मोठ्या बुरुजाभोवती एक फेरी मारली. मग खिशातून कागदी रुमाल काढून त्याचे तुकडे केले आणि वायव्येच्या तोंडाशी सोडले. तुकडे आत गेले. दुसऱ्याच क्षणी समोरच्या तोंडातून बाहेर पडून शेताकडे निघून गेले.

"खाली जातच नाही," तो म्हणाला. "एका दारानं येतो, तीन दारांनी पळतो. ताई, हे तुला कळत नव्हतं, असं मला सांगू नकोस."

"आराखड्यात एकच तोंड होतं."

"मग?"

कतायून छपराच्या कठड्यावर बसली. ती एकोणपन्नास वर्षांची होती आणि त्या क्षणी तिला आपण फार थकलो आहोत असं वाटलं. "पाया भरला त्या दिवशी बाबा माझ्या गाडीपाशी आले. टोपी हातात. म्हणाले, मोठ्याला चार तोंडं ठेवशील का? होर्मुज, त्या माणसानं मला आयुष्यात कधी काही मागितलं नाही. एक पेला पाणी मागितलं नाही. आणि टोपी हातात घेऊन उभे."

त्यामागची गोष्ट दोघांनाही पाठ होती. पणजोबांच्या काळी आमच्या जरथुष्ट्री लोकांना घरावर बादगीर उभारायचीच मनाई होती. घर बुटकं ठेवायचं आणि वारा शेजाऱ्याच्या छपरावरून जाताना नुसता ऐकायचा. पुढे मनाई उठली, पण तेव्हा हात स्वतःसाठी मोकळे नव्हते. खोदामुराद कामाला लागले ते यझ्दमध्ये, इतरांच्या हवेल्यांचे बुरूज दुरुस्त करायला. चव्वेचाळीस वर्षं ते परक्या गच्च्यांवर चढले, चार तोंडांचे, आठ तोंडांचे बुरूज लिंपले, आणि संध्याकाळच्या बसनं या बुटक्या घरी परत आले.

"आणि तू हो म्हणालीस."

"तू काय म्हणाला असतास?"

अकरा वर्षं जो माणूस इथं नव्हता, त्याला हा प्रश्न विचारणंच अन्याय होता, आणि कतायूनला तेही कळत होतं.

"मी काय म्हणतो," होर्मुज म्हणाला, "सभागृहाखाली तळघर आहे ना? तिथं मी यंत्र बसवतो. लहानसं. यझ्दमध्ये माझा एक वर्गमित्र विकतो, सकाळी सातपर्यंत पोचवेल. पंखा, गाळणी, गार पाण्याची नळी. हवा खालून सोडायची, बुरुजाच्या बोगद्याच्या तोंडाशी. वझीरींना वाटेल बुरूज चालतोय. बाबांनाही वाटेल."

"खोटं."

"हो, खोटं. पण चारही तोंडं उघडी राहतील."

कतायूननं किती तरी वेळ त्या बुरुजाकडे पाहिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिनं आयुष्यभर सभांमधून सांगितलं होतं की इमारत खोटं बोलत नाही. "आत्याला सांगावं लागेल," ती म्हणाली. "बाबांना सकाळी घरी अडकवून ठेवायला."

तिथं चुकलं. शरीफाबादेत गुलचेहेर आत्यांना गुपित सांगणं आणि वेशीवर नगारा वाजवणं यात फारसा फरक नव्हता. पण त्या वेळी दोघांच्या ते लक्षात आलं नाही, आणि आत्यांनी तर ऐकता ऐकता डोळे पुसले. "करा रे बाबांनो," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाचं मन. ठेवा त्याची चार तोंडं." तेवढ्या वेळापुरत्या त्या मनापासून त्यांच्या बाजूच्या होत्या.

*

उन्हं उतरल्यावर उस्ताद डाळिंबांना पाणी घालत होते. आत्या आल्या आणि हौदाच्या कडेला बसल्या.

"दादा, तुला सांगायचं नाही असं ठरलंय, म्हणून सांगते."

खोदामुरादनी झारी खाली ठेवली.

आत्यांनी सगळं सांगितलं. वर्गमित्र, पंखा, गाळणी, सकाळचे सात. मधे दोनदा थांबल्या, दोनदा "पण त्यांचं प्रेम आहे हो तुझ्यावर" म्हणाल्या. उस्ताद ऐकत राहिले.

"माझ्या बुरुजाखाली पंखा," ते शेवटी म्हणाले.

"तुला राग आला?"

त्यांनी विचार केला. राग आला असता तर बरं झालं असतं. मुलांनी बुरूज पाडा म्हटलं असतं तर त्यांनी भांडण काढलं असतं, आणि जिंकलंही असतं. पण त्यांना लहान पोरासारखं समजावायचं ठरलं होतं. हातात खेळणं द्यायचं आणि चाललंय हं, चाललंय म्हणायचं. चव्वेचाळीस वर्षांत यझ्दच्या कुठल्या मालकानं त्यांना असं वागवलं नव्हतं. दरवाजातून आत घेत नसत काही जण, पण भिंत सरळ आहे की वाकडी हे त्यांनाच विचारत.

"होर्मुजची कल्पना?"

"हो. पण कतायून हो म्हणाली."

"ती मला नाही म्हणू शकत नाही," ते म्हणाले. "तिथंच माझी चूक झाली. मी तिलाच विचारायला नको होतं." मग बहिणीकडे बघून म्हणाले, "तू बोलू नकोस काही."

"मी? मी कशाला बोलते!"

*

पहाटे पाचला कतायूनला जाग आली तेव्हा बाबांचं अंथरुण घडी घालून ठेवलेलं होतं. तिनं होर्मुजला हलवलं. दोघंही गाडीत बसले.

लांबूनच दिसलं. बुरुजाच्या आग्नेयेच्या तोंडाशी बांबूंची परांची होती आणि तिच्यावर पाठमोरे उस्ताद. खाली शरीफाबादचे दोन गवंडी मातीच्या विटा बादलीत भरून दोरानं वर ओढत होते. जिप्समचा चिखल मिनिटा-दोन मिनिटांत धरतो. त्यामुळे त्याच्याशी काम करणाऱ्याला थांबता येत नाही, आणि उस्ताद थांबत नव्हते. ईशान्येचं तोंड रात्रीतच बंद झालं होतं. आग्नेयेचं नुकतंच सुरू होतं.

"बाबा!" कतायून खालून ओरडली. "थांबा! मी वझीरींशी बोलते! वेळ मागून घेते!"

"वेळ कशाला?" वरून आवाज आला. "मला माहीत नव्हतं असं वाटलं का तुला? या सपाटीवर वारा कुठून येतो ते मला? बाई, मी इथं जन्मलोय."

ती जिथं उभी होती तिथंच बसली. मग रडली. उघडपणे, गवंड्यांसमोर. त्यांनी बिचाऱ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

होर्मुज परांचीवर चढला. पोरवयात ज्या गोष्टीपासून तो पळाला होता, त्या गोष्टीकडे आज शिडीनं जात होता. विटा, चिखल, बापाचा हात पुढे आणि तोंडातून शब्द नाही. वर पोचून त्यानं बादली सोडवली आणि पहिली वीट पुढे केली. उस्तादांनी ती घेतली. दुसरी घेतली. तिसरी परत केली.

"कोपरा गेलाय. दुसरी दे."

"हो."

"तू तुझं यंत्र मागवलंयस?"

"काल रात्रीच नको म्हणून सांगितलं," होर्मुज म्हणाला. हे खरं नव्हतं. सात वाजता गाडी फाटकाशी येणार होती. पण तो ती परत पाठवणार होता आणि त्याला वाटलं, तेवढं चालावं.

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. "मग सातला फाटकाशी कोण येणार आहे?"

"आत्यानं सांगितलं?"

"तिनं नाही सांगितलं तर कोण सांगणार? वीट दे."

होर्मुजला हसू आलं आणि ते आवरता आवरेना. उस्तादांच्याही ओठाची एक कड हलली. पण जिप्सम धरत आलं होतं.

सातची गाडी फाटकावरूनच परत गेली. दहा वाजता आग्नेय संपली. साडेबाराला नैऋत्य. वायव्येचं तेवढं राहिलं. उन्हानं परांचीच्या बांबूंना हात लावता येईना. कतायूननं अंगणांकडची खालची दारं उघडून घेतली, म्हणजे आत आलेल्या वाऱ्याला पुढे जायला वाट राहील, आणि सभागृहात जाऊन उभी राहिली. आधी काही झालं नाही. मग तिच्या कपाळावरचा केस हलला. बोगद्यातून, पाण्यावरून, तिच्या घोट्यांपर्यंत काहीतरी गार येऊन पोचलं आणि चढत चढत गळ्यापर्यंत आलं. हा वारा तिनं कागदावर काढला होता. तो खरा असा असतो, हे तिला आत्ता कळत होतं, आणि तो सुखाचा नव्हता. तीन तोंडं गेली होती त्यासाठी.

वझीरीसाहेब दोनला पाच कमी असताना आले. भला माणूस होता. आल्या आल्या त्यांनी टेबलावरून बोट फिरवून पाहिलं, मग भिंतीवरचा पारा. सव्वीस. ते एका खुर्चीवर बसले, बुटांतून पाय काढले आणि गार फरशीवर टेकले.

"यंत्रं नकोत," ते शेवटी म्हणाले. "उस्ताद कुठं आहेत?"

"वर," आत्या म्हणाल्या. त्या डबा घेऊन आल्या होत्या आणि कुणी न विचारता पहिल्या रांगेत बसल्या होत्या. "तो खाली यायचा नाही. मी ओळखते त्याला."

*

होर्मुज वर गेला तेव्हा उस्ताद बुरुजाच्या आग्नेयेच्या सावलीच्या पट्टीत बसले होते. नव्या गिलाव्याला पाठ टेकून. समोर सपाटी, आणि तिच्या टोकाला, दिसत नसलेलं यझ्द.

"खाली चला, बाबा. सव्वीसवर आलंय. वझीरी तुमची वाट बघतायत. खाली इतकं गार आहे की..."

"असेल."

"तुम्ही अजून अनुभवलंही नाही."

"इथं वर नाही लागत तो. बांधणाऱ्याला वर नाहीच लागत." त्यांनी मागच्या भिंतीवर हात ठेवला. "या बाजूनं कधी यायचाच नव्हता. ठाऊक होतं मला. चुनखडीची फक्की हवेत उडवून दाखवलं असतं. पण चव्वेचाळीस वर्षं यझ्दवाल्यांच्या गच्च्यांवरून मी इकडे बघायचो, या गावाकडे. वाटायचं, तिथून आपल्याही घराकडे वारा यावा. एकदा तरी. म्हणून उघडं ठेवलं."

"उघडं ठेवलं की नुसती धूळ येते, बाबा."

"येते," खोदामुराद म्हणाले. "झाडायची. तुझी आई चार दिवसांनी एकदा तुझी खोली झाडायची. शेवटच्या महिन्यापर्यंत."

होर्मुज त्यांच्या शेजारी बसला. त्याला बरंच सांगायचं होतं, कागदपत्रांचं, त्या आठवड्याचं, फोन हातात धरून विमानतळाच्या बाकावर काढलेल्या त्या दोन दिवसांचं. त्यातलं काहीच इथं, या उन्हात, सांगता येण्याजोगं नव्हतं. त्याचे हात जिप्समनं पांढरे झाले होते आणि बापाचेही.

"तिकीट शुक्रवारचंच?"

"हो."

उस्तादांनी मान हलवली. खाली आत्यांचा आवाज येत होता, त्या वझीरीसाहेबांना दुसऱ्यांदा वाढत होत्या.

"वायव्येच्या तोंडाला जाळी लावायची राहिलीय," उस्ताद म्हणाले. "कबुतरं घरटी करतात. अवघड काम आहे, चार-पाच दिवसांचं." त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. "माझा हात नाही पोचत तिथं."